तालमीचा आवाज : गेइशाविषयक संहितांमधील कला आणि श्रम

१

कलावंत स्त्रीचे चित्रण करणाऱ्या साहित्यात तिची कला बहुधा सिद्ध अवस्थेतच वाचकासमोर येते. ती गाते, नाचते, वाद्य वाजवते; ऐकणारा भारावून जातो; आणि त्याच्या भारावण्याच्या वर्णनातून तिचे व्यक्तिमत्त्व आकाराला येते. ही कला तिने कोणाकडून, किती वर्षे, कोणाच्या खर्चाने आणि कशाच्या मोबदल्यात संपादन केली, हा प्रश्न बहुतेक वेळा संहितेच्या परिघाबाहेर राहतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जपानमधील गेइशा या संस्थेविषयी जे ललित आणि आत्मपर लेखन झाले, त्याच्या संदर्भात हा प्रश्न विशेष निकडीचा ठरतो. 'गेइ' म्हणजे कला आणि 'शा' म्हणजे व्यक्ती. नावानेच जी 'कलेची व्यक्ती' आहे, तिच्याविषयीच्या लेखनात तिच्या कलेच्या घडणीला किती व कशी जागा मिळते, ही त्या लेखनाची दृष्टी तपासण्याची एक कसोटी होऊ शकते. तालीम ऐकू येते की केवळ मैफल ऐकू येते, असे त्या कसोटीचे साधे रूप मांडता येईल. प्रस्तुत लेखात ही कसोटी काही महत्त्वाच्या संहितांना आणि दोन चित्रपटांना लावून पाहिली आहे.

प्रारंभी एका शब्दविषयक अडचणीची नोंद करणे आवश्यक आहे. मराठीत 'गेइशा'साठी 'गणिका', 'कलावंतीण' किंवा 'नायकीण' असे पर्याय सुचू शकतात. परंतु यांतील प्रत्येक शब्द आपापला इतिहास, जातिव्यवस्थेतील आपले स्थान आणि समाजसुधारणेच्या काळातील आपला वाद बरोबर घेऊन येतो. त्यामुळे साम्याचा आभास निर्माण होतो आणि भेद पुसले जातात. म्हणून मूळ शब्दच वापरणे इष्ट. क्योतो शहरात गेइशाला 'गेइको' आणि शिकाऊ मुलीला 'माइको', म्हणजे नाचणारे मूल, असे म्हणतात. तोक्योत शिकाऊ मुलीला 'हानग्योकु', म्हणजे अर्धे रत्न, असे नाव होते. कारण तिची बिदागी पूर्ण गेइशाच्या निम्मी असे. एकाच अवस्थेला एका शहराने कलेवरून आणि दुसऱ्याने दरावरून नाव द्यावे, यातच या संस्थेचे द्विविध स्वरूप सूचित होते.

२

या संस्थेच्या इतिहासातील एक विरोधाभास साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवला पाहिजे. १६२९ मध्ये तोकुगावा शासनाने स्त्रियांना काबुकीच्या रंगमंचावर बंदी केली आणि पुढे स्त्रीभूमिकाही पुरुषांकडे गेल्या. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत 'गेइशा' हा शब्दही मुख्यतः रंजनवस्तीत गायन, वादन आणि विनोद करणाऱ्या पुरुषांना लावला जाई. स्त्री-गेइशा त्या शतकाच्या मध्याला पुढे आली आणि लवकरच तिने पुरुषाला मागे सारले. १७७९ मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, योशिवारा वस्तीत 'केनबान' हे नोंदणी-कार्यालय सुरू झाले. गेइशांनी वेश्यांच्या व्यवसायात शिरकाव करू नये, हा त्यामागील एक हेतू होता. कला आणि देहविक्रय यांच्यातील सीमारेषा अशी प्रथम हिशेबाच्या सोयीसाठी आखली गेली. तिला नैतिक अर्थ नंतर चिकटला.

विरोधाभास असा की, गेइशा जे संगीत आयुष्यभर शिकते, ते 'नागाउता', 'कियोमोतो' यांसारखे शामिसेन-संगीत बऱ्याच अंशी काबुकीच्या रंगमंचासाठी घडलेले आहे. ज्या रंगमंचाचे दार तिला बंद झाले, त्याच रंगमंचाचे संगीत ती चटया अंथरलेल्या बैठकीच्या दालनात जिवंत ठेवत आली. तिची कला ही या अर्थाने निर्वासित कला आहे.

तालमीसाठी जपानी भाषेत 'केइको' हा शब्द आहे. त्याच्या लेखनातील चिन्हांचा अर्थ 'प्राचीनाचे चिंतन' असा होतो. नो नाट्याचा आचार्य झेआमी याने पंधराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'फूशिकादेन' या ग्रंथात नटाच्या तालमीचा वयोमानानुसार विचार सातव्या वर्षापासून आरंभला आहे. सहाव्या वर्षी, सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी कलाशिक्षणाचा श्रीगणेशा करावा, हा जपानी लोकसंकेतही प्रसिद्ध आहे. या शिक्षणाचा पाया 'काता', म्हणजे ठरलेली आकृती, हा आहे. शिष्याने प्रथम गुरूच्या हालचालीचे तंतोतंत अनुकरण करायचे. अर्थ, झालाच तर, मागाहून उमगतो. माइको होण्यापूर्वीच्या एका टप्प्याचे नावच 'मिनाराइ', म्हणजे पाहून शिकणे, असे आहे. ऐन हिवाळ्यात, वर्षातील सर्वांत थंड दिवसांत, उघड्यावर बसून वाद्य व आवाज घासण्याची 'कानगेइको' ही प्रथाही याच शिस्तीतील. शामिसेनच्या जाड तारेतून 'सावारि' नावाचा जो झंकार मुद्दाम काढला जातो, तो तानपुऱ्याची जवारी ओळखणाऱ्या मराठी कानाला परका वाटणार नाही. आणि असा झंकार साधण्यासाठी किती काळ खर्ची पडतो, याचीही त्या कानाला कल्पना असेल.

ही तालीम नात्यांच्या परिभाषेत बांधलेली असते. मुलगी ज्या घरात राहते त्या 'ओकिया'ची चालक ही तिची 'आई'. जिच्या छायेखाली ती व्यवसायात उतरते ती तिची 'थोरली बहीण'. दोघींत साकेच्या पेल्यांची देवघेव होऊन हे नाते पक्के केले जाते आणि धाकटीच्या नव्या नावात थोरलीच्या नावातील एक अक्षरचिन्ह येते. नाव हीच वंशावळ ठरते. नृत्य-संगीताच्या घराण्यांवर 'इएमोतो', म्हणजे घराण्याचा प्रमुख, याची सत्ता असते आणि कलानाम देण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. क्योतोतील गियोन कोबु या वस्तीत नृत्याचे फक्त इनोउए घराणे चालते. नो नाट्य आणि बाहुल्यांचे नाट्य यांचा संस्कार असलेल्या या घराण्याचे नेतृत्व पिढ्यान्पिढ्या स्त्रियांकडे राहिले, हे त्याचे वैशिष्ट्य. चौथ्या इनोउए याचियो यांना १९५५ मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा जपानी शासनाचा सन्मान मिळाला.

या गौरवशाली रचनेच्या तळाशी मात्र कर्ज होते. मुलीच्या पालकांना दिलेली उचल, तिच्या किमोनोंचा खर्च, गुरूंची फी, हे सारे तिच्या नावे मांडले जाई आणि कमाईतून वळते होई. १८७२ मध्ये जपानी शासनाने वेश्या आणि गेइशा यांना करारबद्धतेतून मुक्त करणारा हुकूम काढला. त्यातील युक्तिवाद बोलका आहे : या स्त्रियांनी माणूसपणाचे हक्क गमावले असल्याने त्या गुराढोरांसमान आहेत आणि गुराढोरांकडून कर्जाची फेड मागता येत नाही. मुक्तीचा आदेशही मुक्त होणाऱ्या व्यक्तीला जनावरांच्या पंक्तीला बसवूनच देण्यात आला. त्याच वर्षी क्योतोच्या प्रदर्शनानिमित्त गियोनच्या स्त्रियांचा 'मियाको ओदोरि' हा जाहीर नृत्योत्सव सुरू झाला. पुढे त्या वस्तीत 'न्योकोबा', म्हणजे स्त्रियांच्या हस्तकामाची जागा, ही शिक्षणसंस्था उभी राहिली. शिवणकाम-विणकामाच्या या कल्पनेतून आलेले नाव गियोनच्या आजच्या कलाशाळेने अजून टिकवून ठेवले आहे. कला आणि कष्टाचे काम यांची सांगड या एका नावात उघडपणे दिसते. साहित्यात ती इतक्या सहजपणे दिसत नाही.

गेइशाच्या मानधनाला 'हानादाई', म्हणजे फुलाचे मोल, म्हणतात. पूर्वी हा वेळ जळत्या उदबत्तीने मोजला जाई. उदबत्तीने मोजलेला काळ विकला जाई आणि तालमीचा काळ कर्जखात्यात जमा होई. साहित्याने आजवर मुख्यतः उदबत्तीचा काळ सांगितला आहे.

३

गेइशाच्या सौंदर्यविश्वाची सर्वांत महत्त्वाची तात्त्विक मांडणी कुकी शूझो यांच्या 'इकी नो कोझो' (१९३०), म्हणजे 'इकीची संरचना', या ग्रंथात आढळते. युरोपात राहून, हायडेगरसारख्या तत्त्वज्ञांच्या सान्निध्यात अध्ययन करून परतलेल्या कुकींनी एदोच्या रंजनवस्त्यांत घडलेल्या 'इकी' या रसिकतेच्या संकल्पनेचे तीन घटक सांगितले : शृंगारिक आकर्षण, मानी करारीपणा आणि विरक्त स्वीकार. आकर्षण अंतर राखते, कधी पूर्णत्वाला जात नाही. करारीपणा त्याला ताठ कणा देतो. आणि विरक्ती त्याला आसक्तीपासून मुक्त करते. करारीपणाचे मूळ त्यांनी सामुराईंच्या नीतीत, तर विरक्तीचे मूळ बौद्ध विचारात शोधले.

ही मांडणी सूक्ष्म आहे आणि तिचे आकर्षण ओसरलेले नाही. तथापि तिसऱ्या घटकापाशी अभ्यासकाने थांबले पाहिजे. ही विरक्ती कोणाची? कुकींना या स्त्रियांच्या दुःखाची जाणीव नव्हती असे नाही. इकीचा उगम ते त्या 'दुःखाच्या जगात'च दाखवतात. परंतु उगम सांगून झाल्यावर विश्लेषण पुढे सरकते आणि दुःख सौंदर्यघटकाच्या रूपात शिल्लक राहते. ज्या स्त्रीच्या नावे कर्ज आहे, तिचा स्वीकार हा तत्त्वचिंतनाचा परिपाक असण्याआधी कराराचा परिणाम असतो. शिवाय कुकींच्या इकीत कलेची तालीम जवळजवळ नाही. पट्ट्यापट्ट्यांची नक्षी, करडा आणि तपकिरी रंग, मानेची रेषा, किंचित कललेले शरीर यांचे विवेचन आहे. पण ते शरीर तसे कलण्यास कोणत्या शिस्तीतून शिकले, हे नाही. इकी ही पाहणाऱ्याला जाणवणारी गुणवत्ता म्हणून सिद्ध होते. ती कमावणाऱ्या स्त्रीचे ज्ञान म्हणून तिचा विचार होत नाही.

४

कावाबाता यासुनारी यांच्या 'युकिगुनि' ('हिमप्रदेश') या कादंबरीचे भाग १९३५ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि अंतिम रूप १९४८ मध्ये आले. तिच्यात तालीम ऐकू येते. इतकेच नव्हे, तर कादंबरीचा एक कळसबिंदू तालमीभोवतीच रचला आहे. उष्ण झऱ्यांच्या दुर्गम गावातील गेइशा कोमाको, तोक्योहून आलेल्या शिमामुरासमोर शामिसेनवर 'कांजिनचो' वाजवते. आधीच्या शिक्षणाच्या बळावर, पुढे गुरूशिवाय, छापील स्वरलिपीवरून, डोंगरदरीच्या एकांतात तिने हे वादन कमावले आहे. शिमामुरा ऐकताना शहारतो, जवळजवळ पराभूत होतो.

या प्रसंगाची रचना लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. शिमामुरा हा वडिलोपार्जित पैशावर जगणारा हौशी लेखक आहे. तो पाश्चात्त्य बॅलेवर लिहितो. पण त्याने बॅले कधी पाहिलेला नाही. पुस्तके आणि चित्रे एवढ्यावर त्याचे ज्ञान उभे आहे. कोमाकोही कागदावरून शिकली. परंतु तिने त्या कागदाचे आपल्या मनगटात रूपांतर केले. एकाच्या बाबतीत मुद्रित अक्षर अनुभव टाळण्याचे साधन ठरते, दुसरीच्या बाबतीत ते श्रमाचे निमित्त होते. 'कांजिनचो' हे १८४० मध्ये रंगभूमीवर आलेले, पुरुषांनीच सादर करायचे काबुकी नाटक आहे, हे ध्यानात घेतले की कोमाकोचे वादन अधिकच गंभीर होते. ज्या मंचावर तिला कधीच स्थान नव्हते, त्या मंचाचे संगीत ती ज्या गावात ते समजणारा विरळा, त्या गावात वाजवत आहे.

शिमामुराच्या मनात मात्र या साऱ्यासाठी एकच शब्द पुनःपुन्हा येतो : 'तोरो', म्हणजे व्यर्थ श्रम. तिची रोजनिशी व्यर्थ, वाचलेल्या कादंबऱ्यांच्या तिने केलेल्या नोंदी व्यर्थ, तिचे प्रेम व्यर्थ. या व्यर्थतेतून त्याला एक शुद्ध सौंदर्य प्रतीत होते. कादंबरी शिमामुराच्या जाणिवेतून सांगितलेली असल्याने हा निर्णय कादंबरीचाच आहे असे समजण्याचा मोह अनेक वाचकांना होतो. परंतु वादनाचा प्रसंग त्या निर्णयाला छेद देतो. व्यर्थ श्रमातून तो शहारा आला नसता. कावाबातांनी शिमामुराला निवेदनाचा केंद्रबिंदू केले, पण कोमाकोच्या मनगटाला त्याच्या हाती दिले नाही. कादंबरीचे सामर्थ्य याच फटीत आहे. तिची मर्यादाही तेथेच आहे. कोमाकोला आपल्या श्रमाचा अर्थ काय वाटतो, हे कळण्याचा मार्ग वाचकापाशी नाही. तो अर्थ शिमामुराच्या शहाऱ्यावरूनच ताडावा लागतो.

नागाइ काफू यांच्या १९१६-१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'उदेकुराबे' या कादंबरीचे शीर्षक शब्दशः 'हातांची तुलना', म्हणजे कौशल्याची स्पर्धा, असे आहे. तोक्योच्या शिमबाशी वस्तीतील कोमायो ही तिची नायिका. जाहीर नृत्यप्रयोगात नाव कमावण्याची तिची आकांक्षा कथानकाला गती देते. परंतु प्रयोगासाठी पैसा हवा, पैशासाठी आश्रयदाता हवा, आणि कलेच्या नात्याने ज्याच्यावर जीव जडला तो नट आश्रयदात्याच्या जागी बसू शकत नाही. कौशल्याची स्पर्धा बघता बघता संबंधांची स्पर्धा होते. काफू या घसरणीचे निर्मम आणि हळहळणारे, दोन्ही अर्थांनी जाणकार साक्षीदार आहेत. मात्र त्यांची हळहळ एका मावळत्या नगरसंस्कृतीसाठी आहे. कोमायोची कला त्या संस्कृतीचे एक चिन्ह म्हणून येते. शीर्षकाने जे कौशल्य मध्यवर्ती असल्याचे सांगितले, ते कादंबरीत परिणामाच्या रूपाने दिसते. प्रक्रियेच्या रूपाने क्वचितच.

५

कावाबाता हिमप्रदेशाची कथा लिहीत होते, साधारण त्याच वर्षांत नागानो प्रांतातील सुवा या उष्ण झऱ्यांच्या गावी मासुदा सायो नावाची बारा वर्षांची मुलगी एका गेइशा-घराला विकली गेली. १९२५ मध्ये जन्मलेल्या मासुदा यांचे लहानपण दुसऱ्यांची मुले सांभाळण्यात गेले होते. शाळा त्यांना लाभली नाही. लिहावाचायला त्या पुष्कळ उशिरा, तेही मुख्यतः सोप्या हिरागाना लिपीत, शिकल्या. एका महिला मासिकाच्या स्पर्धेसाठी केलेल्या लेखनातून त्यांचे आत्मचरित्र १९५७ मध्ये पुस्तकरूपाने आले. 'कष्टप्रद झगड्याचे अर्धे आयुष्य' असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. कोमाको आणि मासुदा या एकाच सामाजिक पातळीवरच्या, झऱ्यांच्या गावातील गेइशा होत. त्यामुळे या दोन संहिता शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक ठरते.

मासुदा यांच्या लेखनात तालीम ही मार, भीती, भूक आणि कर्ज यांच्या मालिकेतील एक गोष्ट आहे. तिला सौंदर्याचे वलय नाही. कावाबातांच्या वाचकाला ही उणीव वाटेल. पण येथे प्रथमच 'तोरो' या शब्दाचा अर्थ बदलतो. श्रम व्यर्थ असतील तर ते कोणीतरी दुसऱ्याने त्याचे फळ उचलले म्हणून, हे मासुदा कोणत्याही परिभाषेविना सांगतात. शिमामुराला ज्या व्यर्थतेत शुद्धता दिसली, तिच्यात येथे हिशेब दिसतो. तरीही हे आत्मकथन कलेच्या बाजूने अपुरे आहे, हे मान्य करावे लागेल. शोषणाची साक्ष देताना कौशल्याची साक्ष देणे त्यांना शक्य झाले नाही. ज्या व्यवस्थेने त्यांना शिकवले तिच्याविषयी त्यांच्याजवळ कृतज्ञतेचा शब्द नसावा, यात नवल नाही.

कला आणि शोषण या दोहोंना एकत्र ऐकणारी संहिता कोदा आया यांची 'नागारेरु' ('वाहणे') ही होय. १९५५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची लेखिका ख्यातनाम साहित्यिक कोदा रोहान यांची कन्या. वडिलांच्या निधनानंतर त्यांनी तोक्योच्या यानागिबाशी वस्तीतील एका गेइशा-घरात काही काळ मोलकरीण म्हणून काम केले होते. कादंबरीतील निवेदनदृष्टीही एका विधवा मोलकरणीची, रिकाची, आहे. हा निवेदनतंत्राचा केवळ एक पर्याय नसून तो एक ज्ञानशास्त्रीय निर्णय आहे. पाहुणा दिवाणखान्यात बसतो आणि सिद्ध कला ऐकतो. मोलकरीण स्वयंपाकघरात असते आणि तिच्या कानावर तालीम पडते. पाहुण्याला उदबत्तीपुरताच वेळ असतो, मोलकरणीला सारा दिवस. थकलेली बिले, मांजराची घाण, तुटके छप्पर, उसने अवसान आणि त्याच घरातून येणारे शामिसेनचे सूर, हे सारे तिच्यापर्यंत एकाच भिंतीतून पोचते. रिका स्वतः श्रमजीवी असल्याने श्रमाचा आवाज ओळखते. मालकिणीच्या गाण्याची किंमत ती जाणते, पण त्यासाठी मालकिणीला देवीपद देत नाही.

नारुसे मिकिओ यांनी १९५६ मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला. त्याचा शेवट या विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. खालच्या मजल्यावर घराची मालकीण शामिसेनचा सराव करते आहे, नव्या मुली शिकत आहेत. वरच्या मजल्यावर, गेइशा न होण्याचे ठरवलेली तिची मुलगी शिवणयंत्र चालवते आहे. हे घर लवकरच हातचे जाणार, हे फक्त मोलकरणीला ठाऊक आहे. शामिसेन आणि शिवणयंत्र यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. एक आवाज जुना आणि दुसरा नवा, असा सरळ विरोध येथे नाही. दोन्ही आवाज हातांचे आहेत, दोन्ही पोटासाठी आहेत. न्योकोबा या नावात जी सांगड होती, ती नारुसेंनी ध्वनीच्या पातळीवर पुन्हा जुळवली. चित्रपटातील घर बुडाले. पुढे १९९९ मध्ये यानागिबाशीची गेइशा-परंपराच संपुष्टात आली.

मिझोगुचि केन्जि यांच्या 'गियोन बायाशि' (१९५३) या चित्रपटात तालमीचा आणखी एक पैलू उघड होतो. तेथे शिकाऊ मुलींना चहाविधी, नृत्य, संगीत यांबरोबरच आपण जपानी संस्कृतीचे भूषण आहोत असेही शिकवले जाते. नव्या संविधानाचे वारे प्यालेली एइको विचारते की, पाहुण्याने जबरदस्ती केली तर तो मूलभूत हक्कांचा भंग ठरेल काय. शिक्षिकेला सरळ उत्तर देता येत नाही. आकृती शिकवणारी व्यवस्था या प्रश्नासाठी कोणतीही आकृती पुरवत नाही. एइको कला मनापासून शिकते आणि जबरदस्ती मात्र नाकारते; चित्रपटाची सारी शोकांतिका या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत या अनुभवातून निर्माण होते.

६

आर्थर गोल्डन यांच्या 'मेमॉयर्स ऑफ अ गेइशा' (१९९७) या कादंबरीने हा विषय जगभर नेला. तिच्यात तालमीची माहिती विपुल आहे : शामिसेन, नृत्य, केशरचना, थंडीतला सराव. मग या कसोटीवर ती कोठे उणी पडते? उत्तर तिच्या रचनेत सापडते. सायुरीचे सारे शिक्षण एका पुरुषापर्यंत, 'चेअरमन'पर्यंत, पोचण्याची वाट म्हणून सार्थ होते. कला हे ध्येय नाही. ती नायिकेची परीक्षा आहे, परीकथेतील नायकाला ओलांडाव्या लागणाऱ्या डोंगरासारखी. डोंगर ओलांडला की त्याचे वर्णन संपते.

दुसरा मुद्दा कथनचौकटीचा. ही कादंबरी एका काल्पनिक प्राध्यापकाच्या 'अनुवादकाच्या टिपणा'ने सुरू होते. सायुरीने सांगितले आणि त्याने नोंदवून भाषांतरित केले, अशी बतावणी तेथे आहे. कबुलीजबाबाची ही चौकट गेइशाच्या व्यवसायनीतीच्या मुळावरच घाव घालते. कारण बैठकीतले बाहेर न बोलणे हा त्या नीतीचा पहिला नियम. गप्प राहण्याची शिस्त हीदेखील तालमीचाच भाग असताना, ती मोडणारा आवाज हाच 'अस्सल' आवाज म्हणून वाचकाला विकला गेला. पौर्वात्य स्त्रीचे मौन भेदून तिचे अंतरंग उघडे करण्याची पाश्चात्त्य साहित्यातील जुनी हौस येथे आत्मचरित्राचा वेष घेऊन आली आहे.

या चौकटीला प्रत्यक्ष आयुष्यातूनच प्रत्युत्तर मिळाले. गोल्डन यांना माहिती देणाऱ्या गियोनच्या माजी गेइको इवासाकि मिनेको यांनी, गुप्ततेचे वचन मोडून आपले नाव छापले आणि आपली बदनामी झाली, असा आरोप करत २००१ मध्ये दावा दाखल केला. २००३ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. दरम्यान २००२ मध्ये त्यांचे स्वतःचे आत्मचरित्र आले. त्यात नृत्य हाच आयुष्याचा कणा आहे. तालीम, गुरू, घराणे, वेळापत्रक यांना अग्रस्थान आहे. मासुदा यांच्या कथनात जे अनुपस्थित होते, ते कौशल्याचे आत्मभान येथे भरघोस आढळते. पण याच्या उलट बाजूस, वस्तीतील आर्थिक परावलंबनाचा आणि कमी नशीबवान मुलींचा आवाज येथे क्षीण होतो. गियोनच्या शिखरावरून सुवा दिसत नाही. मासुदा आणि इवासाकि यांच्या कथनांतील अंतर हे खरे आणि खोटे यांतील अंतर नाही. एकाच संस्थेच्या दोन टोकांचे ते अंतर आहे, आणि दोन्ही कथने एकत्र वाचल्याशिवाय त्या संस्थेचे आकलन पूर्ण होत नाही.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. कादंबरी म्हणजे काही संगीतशाळेचा अहवाल नव्हे. तिने तालीम दाखवलीच पाहिजे असा आग्रह धरणे म्हणजे साहित्यावर साहित्यबाह्य निकष लादणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. परंतु तो येथे लागू पडत नाही. माहितीचे प्रमाण हा मुद्दाच नाही, हे गोल्डन यांच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. मुद्दा निवेदनाच्या स्थानाचा आहे. निवेदन कोठे उभे आहे यावर त्याला काय ऐकू येणार हे ठरते, आणि काय ऐकू येते यावर पात्राचे माणूसपण किती उलगडणार हे ठरते. कावाबातांचा प्रसंग श्रेष्ठ ठरतो तो शिमामुराच्या कानांना त्याच्या मताविरुद्ध ऐकायला लावल्यामुळे. कोदा आया यांची कादंबरी श्रेष्ठ ठरते ती निवेदन स्वयंपाकघरात नेऊन बसवल्यामुळे. हे दोन्ही वाङ्मयीन निर्णय आहेत.

हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाचा राहिलेला नाही. युद्धोत्तर काळात सक्तीच्या शिक्षणामुळे मुली पंधराव्या वर्षानंतरच माइको होऊ लागल्या आणि १९५६ च्या वेश्याव्यवसाय-प्रतिबंधक कायद्यानंतर जुन्या करारांचा पाया ढासळला. तरीही २०२२ मध्ये क्योतोतील एका माजी माइकोने आपले अनुभव जाहीर केल्यावर, माइको ही 'शिकाऊ' की 'कामगार', या प्रश्नावर जपानमध्ये चर्चा झाली. राहणे, जेवण, पोशाख आणि शिक्षण मिळते म्हणून वेतन नाही, ही रचना शिक्षणाच्या नावाखाली श्रम झाकते काय, असा तो प्रश्न आहे. पर्यटकाच्या कॅमेऱ्याला रंगवलेला चेहरा दिसतो, सकाळचा वर्ग दिसत नाही. शिमामुराचे स्थान आता हजारोंनी घेतले आहे. मात्र त्यांच्यातील किती जणांना शहारण्याइतके ऐकू येते, हा प्रश्नच आहे.

गेइशाला केवळ बळी मानले तर तिच्या मनगटातील ज्ञान नाकारले जाते. केवळ परंपरेची पाईक मानले तर त्या मनगटावरचे कर्ज नाकारले जाते. तालीम ही एकमेव जागा अशी आहे की जेथे ज्ञान आणि कर्ज एकाच वेळी, एकाच शरीरात असतात. म्हणून या विषयावरील लेखनाचे मूल्यमापन करताना समीक्षेने नायिकेच्या सौंदर्याचे वर्णन किती तरल आहे हे पाहण्याआधी, भिंतीपलीकडून येणारा सरावाचा आवाज त्या लेखनाला ऐकू येतो की नाही, याची चौकशी करणे अधिक न्याय्य ठरेल.